पाण्यात काय आहे, हे आरएनएला कसं कळतं?

२०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं वैद्यकशास्त्राचं नोबेल आरएनएवरच्या कामाला मिळालं. पहिलं कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना, एमआरएनए लस ज्यामुळे शक्य झाली त्या संशोधनासाठी. दुसरं व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना, मायक्रोआरएनएच्या शोधासाठी. त्याआधी कोविडच्या काळात आरटी-पीसीआरच्या रांगांमुळे हे नाव घरोघरी पोचलंच होतं. तरीही आरएनए म्हणजे नेमकं काय असं विचारलं, तर बहुतेकांची गाडी 'व्हायरसमध्ये असतं ते' इथवर येऊन थांबते.

नेरुळला आमच्या सोसायटीतली एक मुलगी मॉलेक्युलर बायोलॉजीत पीएच.डी. करते. तिचा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा तिच्या बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर कौतुकाने त्याची माहिती टाकली. त्यात रायबोस्विच, ॲप्टॅमर, सेल-फ्री बायोसेन्सर असे शब्द होते. अभिनंदनाचा पाऊस पडला. पण समोरच्या काकूंनी तिला लिफ्टपाशी गाठून सरळ विचारलं, "अगं, हे कोविडवालंच का?"

"नाही हो काकू, मी पाण्यात फ्लोराइड आहे का, ते आरएनएकडून ओळखून घेते."

काकू आणखी बुचकळ्यात पडल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्या एका वाक्यात गेल्या चाळीस वर्षांचं विज्ञान दडलेलं आहे. ते उलगडून सांगितलं तर कुणालाही कळण्यासारखं आहे, आणि कळायलाच हवं, कारण विषय पिण्याच्या पाण्याचा आहे.

निरोप नेणारा रेणू

आपल्या पेशीत डीएनए असतो. शरीर कसं घडवायचं, कसं चालवायचं, याची सगळी माहिती त्यात चार रासायनिक अक्षरांच्या लांबलचक ओळीत साठवलेली असते. या ओळीतला एखादं काम सांगणारा तुकडा म्हणजे जनुक. जनुकातली माहिती वापरायची वेळ आली की तेवढ्या तुकड्याची नक्कल तयार होते. ती नक्कल म्हणजे आरएनए. ती वाचून पेशी प्रथिनं बनवते, आणि शरीरातली बहुतेक कामं प्रथिनं करतात. शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच शिकलो. डीएनए हा मालक, प्रथिनं हे कामगार आणि आरएनए मधला निरोप्या.

या चित्राला पहिला मोठा धक्का १९८० च्या दशकात बसला. अमेरिकेत थॉमस चेक यांना एका एकपेशीय जिवात असा आरएनए सापडला, जो प्रथिनांच्या मदतीशिवाय स्वतःचाच मधला तुकडा कापून टाकत होता. सिडनी ऑल्टमन यांनी दुसऱ्याच एका आरएनएबद्दल असंच दाखवून दिलं. निरोप्या स्वतः कामही करतो, हे सिद्ध झालं. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

आरएनएला हे कसं जमतं? डीएनए दोन पदरी असतो, एकमेकांना घट्ट बिलगलेला. आरएनए साधारणपणे एकपदरी असतो. जोडीदार नसल्यामुळे तो स्वतःवरच दुमडतो. त्याच्या एका टोकाकडची अक्षरं मधल्या कुठल्यातरी अक्षरांशी जुळतात आणि गाठी, वळसे, खोबणी तयार होतात. अक्षरांचा क्रम बदलला की घडीही बदलते. या घडीत कधी कधी अशी खोबण तयार होते, की तिच्यात एखादाच विशिष्ट पदार्थ नेमका बसतो. पुढचं सगळं या खोबणीवर उभं आहे.

आरएनए शोधायचा, की आरएनएकडून शोधून घ्यायचं?

काकूंचा गोंधळ नेमका इथे होता, आणि बातम्या वाचणाऱ्या बहुतेकांचा इथेच होतो.

कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीत आरएनए हा शोधला जाणारा पदार्थ होता. नाकातल्या नमुन्यात विषाणूचा आरएनए आहे का, एवढं बघायचं होतं. तो फार थोडा असतो, म्हणून आधी त्याचं डीएनएत रूपांतर करायचं आणि मग त्या डीएनएच्या प्रती वाढवायच्या. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. एका प्रतीपासून सुरुवात केली तर तीस फेऱ्यांनंतर हिशोबाने शंभर कोटींच्या वर प्रती होतात. एवढ्या झाल्या की यंत्राला दिसतात.

आमच्या सोसायटीतल्या मुलीच्या कामात भूमिका उलटी आहे. तिथे आरएनए हा शोधणारा आहे. शोधायचा पदार्थ फ्लोराइड असेल, एखादं जीवनसत्त्व असेल किंवा एखादं औषध असेल. एक आरएनए सापडतो आणि दुसरा सापडवतो, हा फरक एकदा लक्षात आला की या विषयावरच्या बातम्या निम्म्याहून सोप्या होतात.

दोन्ही भूमिका एकत्र येतात अशाही चाचण्या आहेत. क्रिस्पर या जनुकं नेमकी शोधून कापण्याच्या तंत्रात एक छोटा आरएनए वाटाड्याचं काम करतो आणि हव्या त्या जनुकीय क्रमाशी जाऊन जुळतो. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटांनी याच तत्त्वावर 'फेलुदा' ही कागदी पट्टीची चाचणी तयार केली. सप्टेंबर २०२० मध्ये तिला कोविडसाठी मंजुरी मिळाली. यातलं मूळचं काम सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या जनुकातला एका अक्षराचा बदल ओळखण्यासाठी सुरू झालं होतं. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल किती कुटुंबांना छळतो, हे माहीत असणाऱ्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

बायोसेन्सर, आणि विक्रेत्याच्या हातातलं पेन

बायोसेन्सर बहुतेकांनी वापरलेला असतो, फक्त त्या नावाने ओळखलेला नसतो. मधुमेह्यांच्या घरातलं ग्लुकोमीटर हा बायोसेन्सरच. त्याचे दोन भाग. पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एक प्रथिन असतं किंवा त्याच्यासारखंच दुसरं. रक्तात शेकडो पदार्थ असले तरी ते साखर, म्हणजे ग्लुकोज, निवडून काढतं. हा झाला ओळखणारा भाग. त्या क्रियेतून सुटणारे इलेक्ट्रॉन मोजून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. हा झाला सांगणारा भाग. लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये ही कल्पना मांडली. ओळखणारा जैविक घटक आणि सांगणारी यंत्रणा ही जोडी असली की झाला बायोसेन्सर.

ओळखणं किती महत्त्वाचं आहे, हे आपल्या इमारतींमध्ये येणाऱ्या पाणीशुद्धकाच्या विक्रेत्यांचं प्रात्यक्षिक बघून चांगलं कळतं. ते आपल्या नळाचं पाणी पेल्यात घेतात, त्यात एक पेनासारखं यंत्र बुडवतात आणि आकडा दाखवतात. मग स्वतःच्या यंत्राच्या पाण्यात तेच पेन बुडवतात. आकडा एकदम खाली येतो. ताई-दादा हबकतात.

हे पेन टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवतं. प्रत्यक्षात ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते हे मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, साधं मीठ, सगळं त्या एका आकड्यात येतं. त्यातलं बरंच शरीराला चालणारं, काही तर हवं असलेलंही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस पिण्यासाठी स्वीकारार्ह आहे. उलट, ज्या पाण्यात टीडीएस अगदी बेताचा आहे त्यात घातक प्रमाणात फ्लोराइड किंवा आर्सेनिक असू शकतं, आणि जंतूंबद्दल तर हे पेन काहीच सांगत नाही.

काही विक्रेते पुढे जाऊन दोन लोखंडी कांड्यांचं विजेवर चालणारं यंत्र पाण्यात ठेवतात. नळाचं पाणी बघता बघता तांबूस होतं आणि वर साका धरतो. शुद्धकाच्या पाण्याला काही होत नाही. तो साका कांड्यांच्या लोखंडाचा गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड झिजतं. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून कांड्या तशाच राहतात. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणाचं प्रक्रिया केलेलं पाणी पिणाऱ्या माणसाला असं घाबरवून यंत्र विकणं मला अजिबात पटत नाही. आरओ यंत्र जिथे गरज आहे तिथे उपयोगी आहे, फ्लोराइडही ते काढतं. पण गरज आहे की नाही, हे पेनवरच्या आकड्याने ठरत नाही. पाण्यात 'किती' आहे यापेक्षा 'काय' आहे हे कळायला हवं, आणि ते सांगायला ओळखणारा घटक लागतो.

गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ग्लुकोमीटरमध्ये ओळखणारा घटक प्रथिन असतं. ते काम आरएनए कसं करतो?

गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक असतो, तो आठवा. टाकी भरत आली की पाणीच फ्लोटला वर उचलतं, फ्लोटच्या दांडीने कॉक बंद होतो आणि पाणी यायचं थांबतं. पाणी किती चढलं हे बघायला वॉचमन लागत नाही, त्याने खाली पंपवाल्याला फोन करायला लागत नाही. बघणारा आणि बंद करणारा एकाच वस्तूत आहेत.

जिवाणूंमधले कित्येक आरएनए असेच चालतात. त्यांना रायबोस्विच म्हणतात. उदाहरण म्हणून बी१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन घ्या. अनेक जिवाणू ते स्वतः तयार करतात. ते तयार करणाऱ्या जनुकाची आरएनए नक्कल निघते, तिच्या सुरुवातीलाच दुमडून झालेली एक खोबण असते. पेशीत थायमिनचं वापरात असलेलं रूप पुरेसं साठलं की ते या खोबणीत जाऊन बसतं. ते बसलं की आरएनएची पुढची घडी बदलते आणि जनुकाचं काम थांबतं. टाकी भरली, कॉक बंद. थायमिन संपत आलं की खोबण रिकामी होते आणि काम पुन्हा सुरू.

याआधी असं मानलं जायचं की हे मोजमाप प्रथिनंच करतात, म्हणजे वॉचमनने बघायचं आणि फोन करायचा. निरोप नेणाराच निरोप पुढे द्यायचा की नाही हे स्वतः ठरवतो, ही कल्पना पचायला वेळ लागला.

फ्लोराइडचा रायबोस्विच याच्या उलट चालतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये पावसाचं पाणी चढलं की फ्लोट वर जाऊन उपशाचा पंप सुरू होतो, तसा. फ्लोराइड जिवाणूंना विषारी असतं. पेशीत ते वाढलं की रायबोस्विच एका जनुकाचं काम चालू करतो, आणि त्या जनुकापासून बनलेलं प्रथिन फ्लोराइड पेशीबाहेर फेकतं.

एका शास्त्रज्ञाच्या कामाची वाट

हे कुणी, कसं शोधून काढलं, हे बघण्यासारखं आहे. शोधनिबंधांच्या यादीकडे बघून सामान्य माणसाला वाटतं की हे लोक एकातून दुसऱ्यात उगाच उड्या मारतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले रोनाल्ड ब्रेकर यांच्या कामाची यादी ओळीने लावली तर चित्र वेगळं दिसतं.

त्याआधी १९९० साल महत्त्वाचं. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी, एकीकडे क्रेग ट्यूर्क आणि लॅरी गोल्ड यांनी आणि दुसरीकडे अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टॅक यांनी, हव्या त्या पदार्थाला पकडणारा आरएनए घडवण्याची रीत दाखवली. अब्जावधी वेगवेगळ्या आरएनएंचं मिश्रण घ्यायचं, ते त्या पदार्थावरून वाहू द्यायचं, चिकटतील तेवढे ठेवायचे, त्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच करायचं. काही फेऱ्यांनी घट्ट पकडणारे तेवढे उरतात. अशा घडवलेल्या रेणूला ॲप्टॅमर म्हणतात. १९९४ मध्ये दम्यावरच्या थिओफायलिन या औषधासाठी असा ॲप्टॅमर काढला गेला. थिओफायलिन आणि चहा-कॉफीतलं कॅफीन यांच्यात एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन एवढाच फरक. तरी हा ॲप्टॅमर थिओफायलिनला कॅफीनपेक्षा दहा हजार पटीने अधिक घट्ट धरतो. एवढी पारख बऱ्याच प्रथिनांनाही साधत नाही.

त्याच वर्षी ब्रेकर यांनी त्यांचे मार्गदर्शक जेराल्ड जॉइस यांच्याबरोबर आरएनए कापणारा पहिला डीएनए रेणू घडवला. त्याला काम करायला शिसं लागायचं. शिसं असेल तरच कापणारा रेणू, म्हणजे शिसं ओळखू शकणारा रेणू. पुढे इतरांनी याच जातीच्या रेणूंपासून पाण्यातलं शिसं दाखवणारे सेन्सर केले.

येलला आल्यावर १९९७ मध्ये ब्रेकर यांच्या गटाने एक पदार्थ आला की काम चालू-बंद करणारा कापणारा आरएनए हाताने रचून दाखवला. २००१ मध्ये त्यांनी असे अनेक आरएनए सोन्याचा थर दिलेल्या एका चकतीवर बसवले आणि एकाच नमुन्यातले वेगवेगळे पदार्थ ओळखून दाखवले. हा सरळसरळ बायोसेन्सर होता.

आणि मग प्रश्न आला: हे आपल्याला प्रयोगशाळेत इतक्या सहज जमतं, तर निसर्गाने कोट्यवधी वर्षांत हे केलं नसेल असं कसं होईल? त्यांनी जिवाणूंमध्ये शोध सुरू केला. २००२ मध्ये बी१२ आणि बी१ या जीवनसत्त्वांचे रायबोस्विच हाती लागले. त्याच सुमारास एव्हगेनी नुडलर यांच्या गटालाही स्वतंत्रपणे हेच सापडलं. आज रायबोस्विचचे पन्नासहून अधिक प्रकार माहीत आहेत.

म्हणजे सेन्सर आधी बनला आणि निसर्गातला नमुना नंतर सापडला. मला या सगळ्या कथेतली ही गोष्ट फार मोलाची वाटते. मूलभूत संशोधन आणि उपयोगी संशोधन असे दोन कप्पे करून निधी वाटणाऱ्यांनी ही यादी एकदा नीट वाचावी.

२०१२ मध्ये याच गटाने फ्लोराइडचा रायबोस्विच जाहीर केला, तेव्हा जाणकारांनाही आश्चर्य वाटलं. आरएनएवर ऋण भार असतो, फ्लोराइडवरही ऋण भार असतो. दोन ऋण भार एकमेकांना ढकलतात. मग आरएनए फ्लोराइडला पकडणार कसा? त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेतल्या दिनशॉ पटेल यांच्या गटाने त्या रेणूची रचना उलगडली. पटेल मूळचे मुंबईचे, इथल्याच विद्यापीठाचे बी.एस्सी. उत्तर असं निघालं: आरएनए आधी धन भाराचे तीन मॅग्नेशियम अणू धरून ठेवतो आणि ते तिघे मिळून मधोमध फ्लोराइडला धरतात. फ्लोराइड इतका छोटा असतो, की त्याला अशा बेचक्यातच पकडता येतं. त्याचा भाऊबंद क्लोराइड आकाराने मोठा, तो तिथे मावत नाही. पाण्यात क्लोराइड भरपूर असतं, त्यामुळे ही निवड चाचणीसाठी कळीची ठरते.

रेणूपासून नळीपर्यंत

फ्लोराइडचा विषय महाराष्ट्राला दूरचा नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरवेलला खडकांतून आलेलं फ्लोराइड लागतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, मोठेपणी हाडं आणि सांधे आखडतात. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यातलं त्याचं प्रमाण वाढतं.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्युलियस लक्स यांच्या गटाने २०२० मध्ये जिवाणूतला फ्लोराइडचा रायबोस्विच उचलून चाचणीत बसवला. जिवाणू फोडून त्यांच्यातली जनुक वाचणारी यंत्रणा तेवढी घ्यायची; पेशीशिवाय चालते म्हणून ती 'सेल-फ्री'. तिच्यात एक डीएनएचा तुकडा घालायचा: आधी रायबोस्विच, त्याच्या पाठोपाठ रंग आणणाऱ्या प्रथिनाचं जनुक. हे सगळं छोट्या नळीत गोठवून सुकवायचं. चाचणी करणाऱ्याने नळीत पाण्याचा थेंब टाकायचा. पाणी मिळालं की यंत्रणा जागी होते आणि आरएनए बनू लागतो. फ्लोराइड नसेल तर आरएनएत एक गाठ पडते आणि काम तिथेच तुटतं. फ्लोराइड असेल तर ती गाठ पडत नाही, पुढचं जनुक वाचलं जातं आणि नळी पिवळी होते.

त्यांनी ही चाचणी कोस्टा रिकात प्रत्यक्ष भूजलावर करून बघितली. पुढे केनियाच्या नाकुरू भागात ती घरोघरच्या लोकांच्या हातात देऊन, त्यांना ती जमते का, रंग नीट कळतो का, हेही तपासलं गेलं. हा दुसरा अभ्यास मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाला ती वापरायची आहे, त्याच्या हातात चालली तरच चाचणी चालली म्हणायची.

याच गटाच्या दुसऱ्या यंत्रणेचं नाव रोझालिंड, डीएनएच्या रचनेच्या शोधात मोलाचा वाटा असलेल्या रोझालिंड फ्रँकलिन यांच्यावरून ठेवलेलं. शिसं, तांबं, काही प्रतिजैविकं असे सतरा घटक ती ओळखते. तिच्यात ओळखण्याचं काम प्रथिनं करतात, आणि हिरवा उजेड देऊन सांगण्याचं काम आरएनए करतो.

आरएनए तर लगेच खराब होतो ना?

हो. कोविडच्या काही एमआरएनए लशींना खोल थंडी लागायची, ते यामुळेच. आपल्या बोटांवर, घामात, धुळीतसुद्धा आरएनए तोडणारी प्रथिनं असतात. या नळीत मात्र सुकवलेला असतो तो डीएनए, आणि तो बराच टिकाऊ असतो. आरएनए चाचणीच्या वेळी ताजा तयार होतो आणि काम झालं की त्याची गरज उरत नाही. दमट हवेपासून जपलं तर फ्लोराइडच्या सुकवलेल्या नळ्या वर्षभराने वापरल्या तरी चालतात, असं त्या गटाने दाखवलं आहे. आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत बंद पाकीट उघडल्यावर त्या किती वेळ ठीक राहतील, हा इथल्या लोकांनी इथेच तपासायचा प्रश्न आहे.

यात जिवंत जंतू असतात का?

नसतात. जिवाणू आधीच फोडलेले असतात. त्यात वाढणारं, पसरणारं काही उरत नाही. पाण्याचा थेंब नळीत जातो, नळीतलं काही पिण्याच्या पाण्यात मिसळायचं नसतं. आपल्या शरीराशी, आपल्या जनुकांशी याचा काही संबंध येत नाही.

मग प्रयोगशाळेत पाणी तपासायची गरज संपली?

अजिबात नाही. फ्लोराइड अचूक मोजायला प्रयोगशाळेत विशेष इलेक्ट्रोड आहेत, रंगावर चालणाऱ्या जुन्या आणि भरवशाच्या पद्धती आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायचे संच वापरायला शिकवलं जातं. नवी नळी आली तर ती यांच्या जोडीला येईल. शेकडो बोअरवेलमधून संशयित वेगळ्या काढायच्या आणि तेवढ्याच प्रयोगशाळेत पाठवायच्या, हा तिचा खरा उपयोग. आणि पाण्यात फ्लोराइड निघालंच, तर काढायचं कसं हे आपल्याला ठाऊक आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरणारी नलगोंडा पद्धत कित्येक दशकांपूर्वी विकसित केली.

ओळखणारा घटक आरएनएच हवा, असाही हट्ट नको. आयआयटी मुंबईत रुची आनंद यांच्या गटाने एका जिवाणूतलं मोपआर नावाचं प्रथिन घेऊन पाण्यातलं फिनॉल ओळखणारा सेन्सर केला आहे. फिनॉल हे कारखान्यांच्या सांडपाण्यातलं नेहमीचं विष, त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांनी या कामाकडे लक्ष ठेवावं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे दिसले तेव्हा देशभर बातमी झाली, कारण रंग डोळ्यांना दिसला. तिथल्या कासाडी नदीच्या काठी राहणाऱ्यांची खरी अडचण न दिसणाऱ्या पदार्थांची आहे.

शोधनिबंध आला, म्हणजे वस्तू आली का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी अडाणी समजू नये. 'पाण्यातलं अमुक एका थेंबात ओळखलं' अशी बातमी वाचली की मी तीन गोष्टी शोधतो. खरं विहिरीचं, नदीचं पाणी वापरलं होतं, की शुद्ध पाण्यात तो पदार्थ मुद्दाम मिसळला होता? त्याच्यासारखे दिसणारे दुसरे पदार्थ घालून बघितले होते का? आणि किती कमी प्रमाणापर्यंत ओळखता येतं?

तिसरा प्रश्न फ्लोराइडच्या बाबतीत आपल्याला थेट भिडतो. २०२० ची चाचणी लिटरला २ मिलिग्रॅमच्या वरचं फ्लोराइड दाखवण्यासाठी जुळवलेली होती, कारण अमेरिकेतली सर्वांत कडक मर्यादा तेवढी आहे. केनियातली १.५ मिलिग्रॅमला जुळवलेली होती, कारण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ती आहे. भारतीय मानक सांगतं की १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या. आपल्याकडे उन्हामुळे माणूस पाणी जास्त पितो, त्यामुळे पाण्यातलं प्रमाण तेवढंच असलं तरी फ्लोराइड जास्त पोटात जातं. म्हणजे नळी जशीच्या तशी आणून विदर्भातल्या गावात दिली, तर १.३ मिलिग्रॅम असलेलं पाणी ती बिनदिक्कत पास करेल.

रंग बघायची वेळ वाढवली तर कमी फ्लोराइडलाही नळी पिवळी होते, पण मग रायबोस्विच अधूनमधून आपोआप सुटून फ्लोराइड नसतानाही किंचित पिवळेपणा येऊ लागतो. शिवाय बोअरवेलच्या पाण्यात क्षार बरेच असतात आणि नळीतली यंत्रणा क्षारांना फार हळवी असते. सोसायटीतल्या त्या मुलीचं सध्याचं काम यावरच चाललं आहे. यवतमाळच्या बोअरवेलचं पाणी आणायचं, प्रत्येक नमुन्यातलं थोडं पाणी प्रयोगशाळेच्या इलेक्ट्रोडवर मोजायचं, थोडं नळीत टाकायचं, आणि १ मिलिग्रॅमच्या अलीकडचं-पलीकडचं पाणी डोळ्यांना वेगळं दिसेपर्यंत डीएनएचा तुकडा बदलत राहायचा.